परिवीक्षा

परिवीक्षा : एखाद्या व्यक्तीस पद, दर्जा किंवा स्वातंत्र्य कायमचे बहाल करण्यापूर्वी, ठराविक मुदतीपर्यंत व काही अटींवर ते तात्पुरते देऊन तिच्या वर्तनाची आणि पात्रतेची प्रत्यक्ष पाहणी करण्याची पद्धती. इंग्रजीतील ‘प्रोबेशन’ ह्या संज्ञेचा पर्याय म्हणून हा शब्द मराठीत रूढ झाला आहे. आधुनिक व्यवहारात तो मुख्यतः दोन क्षेत्रांत वापरला जातो : नव्याने नेमलेल्या कर्मचाऱ्यास कायम करण्यापूर्वीची मुदत, हा त्याचा सेवाविषयक अर्थ होय, तर दोषी ठरलेल्या व्यक्तीस तुरुंगात न पाठविता, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर व देखरेखीखाली समाजातच राहू देणे, हा त्याचा दंडविधीतील अर्थ होय. वरवर पाहता ह्या दोन अर्थांत फारसे साम्य दिसत नाही. परंतु निर्णय राखून ठेवणे, मुदत ठरविणे आणि मुदतीतील आचरणावर अंतिम निर्णय अवलंबून ठेवणे ही तीन अंगे दोहोंतही समान आहेत.

शब्द व त्याचे अर्थ : ‘प्रोबेशन’ हा शब्द तपासणे, सिद्ध करणे ह्या अर्थाच्या ‘प्रोबारे’ ह्या लॅटिन धातूपासून आला आहे. ‘परिवीक्षा’ हा शब्द ‘परि’ व ‘वि’ हे उपसर्ग आणि पाहणे ह्या अर्थाचा ‘ईक्ष्’ हा संस्कृत धातू ह्यांपासून सिद्ध झाला असून, सर्व बाजूंनी व विशेषत्वाने पाहणे असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ आहे. परीक्षा, निरीक्षण, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा हे मराठीतील नित्याचे शब्द त्याच धातूचे होत. ‘वि’ आणि ‘ईक्षा’ ह्यांच्या संधीमुळे ह्या शब्दात ‘वी’ दीर्घ येतो. कार्यालयीन कागदपत्रांत आढळणारे ‘परिविक्षा’ हे रूप व्युत्पत्तीच्या दृष्टीने अशुद्ध होय. परीक्षा बहुधा एका दिवसाची किंवा प्रसंगाची असते. परिवीक्षेत पाहण्याची क्रिया काळावर पसरलेली असते, हा दोहोंतील महत्त्वाचा भेद आहे.

हा शब्द प्रचारात येण्यापूर्वी मराठीत ह्या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द ‘उमेदवारी’ हा होता. ‘उमेद’ म्हणजे आशा. त्यापासून बनलेला फार्सी ‘उमेदवार’ म्हणजे आशेवर असलेला. नोकरी मिळेल ह्या आशेने दरबारात वा कचेरीत खेटे घालणाऱ्यास आणि पुढे जागा रिकामी होईपर्यंत तेथे काम शिकणाऱ्यास उमेदवार म्हणत. एकोणिसाव्या शतकात हा शब्द भारतातील इंग्रजांच्या बोलीतही शिरला आणि हॉब्सन-जॉब्सन ह्या कोशात (१८८६) त्याची नोंद झाली. आज तो निवडणुकीच्या संदर्भात अधिक रूढ असला, तरी ‘अमक्या ठिकाणी उमेदवारी केली’ ह्या वाक्प्रयोगात जुना अर्थ टिकून आहे. ह्या दोन शब्दांतील दृष्टिभेद लक्षणीय आहे. ‘उमेदवारी’ ही संज्ञा वाट पाहणाऱ्याच्या बाजूने घडलेली आहे, तर ‘परिवीक्षा’ ही पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूने. एकीत आशा आहे, दुसरीत देखरेख.

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर राज्यकारभार मराठीतून चालविण्याच्या धोरणानुसार शासकीय परिभाषा सिद्ध करण्यात आली. तीत प्रोबेशनर ह्यास ‘परिवीक्षाधीन’, प्रोबेशनच्या मुदतीस ‘परिवीक्षा कालावधी’ आणि गुन्हेगारांवर देखरेख करणाऱ्यास ‘परिवीक्षा अधिकारी’ असे पर्याय स्थिर झाले. ‘परिवीक्षाधीन अधिकारी’ आणि ‘परिवीक्षा अधिकारी’ ह्यांत पुष्कळदा घोटाळा होतो. वास्तविक पहिला स्वतः देखरेखीखाली असतो, तर दुसरा देखरेख करणारा असतो. ‘शिकाऊ उमेदवार’ ही संज्ञाही वेगळी आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील व्यक्ती एखादा व्यवसाय शिकत असते व शिक्षण संपल्यावर तिला नोकरी मिळेलच असे नाही; परिवीक्षाधीन व्यक्तीची नेमणूक मात्र प्रत्यक्ष पदावर झालेली असते. बोलभाषेत ‘प्रोबेशनवर आहे’ आणि ‘कायम झाला’ हेच प्रयोग सर्रास ऐकू येतात.

प्राचीन पूर्वरूपे : मुदत ठरवून पारख करण्याची कल्पना भारतीय धर्मशास्त्रात क्रयविक्रयाच्या संदर्भात आढळते. खरेदीनंतर होणाऱ्या पश्चात्तापाविषयीच्या ‘क्रीतानुशय’ ह्या व्यवहारपदात खरेदी केलेली वस्तू तपासण्यासाठी किती दिवस मिळावेत हे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार लोखंडासाठी एक दिवस, दुभत्या जनावरासाठी तीन दिवस, ओझ्याच्या जनावरासाठी पाच दिवस, रत्नांसाठी सात दिवस, बियाण्यासाठी दहा दिवस, दासासाठी अर्धा महिना आणि दासीसाठी एक महिना अशी ही मुदत होती. वस्तूचा दोष उघड होण्यास जितका काळ लागतो तितकी मुदत, हे तत्त्व त्यामागे दिसते. जनावरे व रत्ने ह्यांच्या पंक्तीस माणसेही बसविलेली आहेत, ही गोष्ट त्या काळच्या समाजस्थितीची निदर्शक होय.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांना प्रथम सामान्य स्वरूपाच्या अधिकारपदांवर नेमून नंतर धर्म, अर्थ, काम व भय ह्या चार ‘उपधां’नी त्यांची शुद्धता पारखावी, असे सांगितले आहे. आधी नेमणूक व मग पारख हा क्रम आधुनिक सेवाविषयक परिवीक्षेशी जुळतो. परंतु उपधा ही गुप्तपणे रचलेली प्रलोभने असत आणि ज्याची पारख व्हावयाची त्यास तिची कल्पना नसे, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

परिवीक्षेच्या दोन्ही अर्थांचे सर्वांत स्पष्ट पूर्वरूप बौद्ध विनयातील ‘परिवास’ ह्या विधीत सापडते. अन्य पंथाच्या अनुयायास भिक्षू व्हावयाचे असल्यास त्याने चार महिने परिवासात राहावे, असा नियम होता. महापरिनिब्बानसुत्तात आलेल्या कथेनुसार सुभद्द परिव्राजकाने चारच काय, चार वर्षे परिवासात राहण्याची तयारी दर्शविली. तेव्हा बुद्धाने त्याच्या बाबतीत हा नियम शिथिल केला व तो बुद्धाचा अखेरचा साक्षात शिष्य ठरला. दुसरा परिवास हा दोषी भिक्षूसाठी होता. संघादिसेस वर्गातील अपराध जितके दिवस लपविला असेल तितके दिवस त्याने परिवासात राहावे, त्यानंतर सहा रात्री ‘मानत्त’ पाळावे आणि मग किमान वीस भिक्षूंच्या संघाने त्यास पूर्ववत सामावून घ्यावे, अशी व्यवस्था होती. ह्या काळात त्याचे काही अधिकार स्थगित होत व येणाऱ्या-जाणाऱ्या भिक्षूंना आपली स्थिती त्यास सांगावी लागे. मात्र तो संघाबाहेर टाकला जात नसे. विधी पूर्ण झाल्यावर त्याचे स्थान त्यास परत मिळे. दोषी व्यक्तीस समूहात ठेवूनच सुधारण्याची ही रीत आधुनिक परिवीक्षेच्या तत्त्वाशी अत्यंत जवळची आहे.

यूरोपात सहाव्या शतकातील संत बेनिडिक्टच्या नियमावलीत नवागतास मठात सहज प्रवेश देऊ नये, दोन, सहा व चार महिन्यांच्या टप्प्यांनी त्यास नियमावली वाचून दाखवावी आणि त्यानंतरच त्याची प्रतिज्ञा स्वीकारावी, असे सांगितले आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये किमान एक वर्षाची परिवीक्षा आणि सोळा वर्षे पूर्ण झालेले वय ह्या दोन अटी धर्मसंघांतील प्रतिज्ञेसाठी आवश्यक ठरविल्या. जेझुइट संघात तर परिवीक्षेचे तीन टप्पे आहेत. अपरिपक्व वयात वा इतरांच्या दडपणाखाली आयुष्यभराचे बंधन पडू नये, हाही ह्या मुदतीचा हेतू होता. म्हणजे मुदत केवळ संघाच्या सोयीची नव्हती. नवागतासही परत फिरण्याची वाट तीमुळे मोकळी राहत असे.

सेवाविषयक परिवीक्षा : स्पर्धा-परीक्षांच्या द्वारे शासकीय नोकरभरती सुरू झाल्यावर परिवीक्षेस नवे महत्त्व आले. लेखी परीक्षेने बुद्धी व ज्ञान अजमावता येते. परंतु सचोटी, कष्टाळूपणा व लोकांशी वागण्याची रीत प्रत्यक्ष कामातच कळते, असा विचार त्यामागे होता. अमेरिकेच्या १८८३ च्या पेंडल्टन अधिनियमाने कायम नेमणुकीपूर्वी परिवीक्षेचा काळ आवश्यक ठरविला. भारतीय सनदी सेवेसाठी १८५५ पासून लंडनमध्ये स्पर्धा-परीक्षा घेण्यात येऊ लागली. तीत उत्तीर्ण झालेल्यांना काही काळ इंग्लंडमध्येच परिवीक्षेवर राहून कायदा, भारतीय भाषा, इतिहास व अश्वारोहण ह्यांत प्रावीण्य मिळवावे लागे. अरविंद घोष हे १८९० मध्ये ह्या स्पर्धेत यशस्वी झाले. परंतु परिवीक्षेच्या अखेरीस अश्वारोहणाच्या चाचणीस उपस्थित न राहिल्यामुळे १८९२ मध्ये त्यांची निवड रद्द झाली आणि १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. सुभाषचंद्र बोस ह्यांनी १९२१ मध्ये परिवीक्षाधीन असतानाच ह्या सेवेचा राजीनामा दिला. एका ठिकाणी राज्यकर्त्यांनी उमेदवारास नाकारले, तर दुसऱ्या ठिकाणी उमेदवाराने राज्यकर्त्यांना.

स्वातंत्र्यानंतर भारतीय प्रशासन सेवेतील थेट भरतीच्या अधिकाऱ्यांसाठी १९५४ च्या नियमांनी दोन वर्षांची परिवीक्षा विहित केली. कारखान्यांच्या बाबतीत १९४६ च्या औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियमाखालील नमुना आदेशांत कायम जागेवर तात्पुरता घेतलेला व तीन महिने पूर्ण न केलेला कामगार म्हणजे परिवीक्षाधीन, अशी व्याख्या करण्यात आली. ह्याच आदेशांत गिरण्यांतील ‘बदली’ हा देशी शब्द कायद्याच्या इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा आला आहे. पुढे स्थायी आदेशांचा विषय २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत समाविष्ट करण्यात आला. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ च्या अधिनियमाने कायम रिक्त जागेवरील नेमणुकीस दोन वर्षांची परिवीक्षा ठरविली आणि ती समाधानकारकपणे पूर्ण झाल्यास कर्मचारी कायम झाल्याचे मानण्यात यावे, अशी तरतूद केली. त्यानंतर आलेल्या ‘शिक्षण सेवक’ योजनेत शिक्षकांना तीन वर्षे वेतनश्रेणीऐवजी मानधनावर काम करावे लागू लागले. पारख करण्याची मुदत आणि कमी मोबदल्याची मुदत ह्या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची सांगड घालणे कितपत न्याय्य आहे, हा वादाचा विषय राहिला आहे.

परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यास पदावर हक्क नसतो. म्हणून त्यास केव्हाही व कारण न देता काढता येईल काय, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे वारंवार आला. संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदानुसार शासकीय सेवकास चौकशी करून व बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊनच बडतर्फ करता येते. पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की नेमणुकीच्या अटींनुसार सेवा समाप्त करणे ही शिक्षा नव्हे. परंतु ती गैरवर्तनाबद्दलची शिक्षा म्हणून केली असेल, तर ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण परिवीक्षाधीन सेवकासही मिळते. धरमसिंग खटल्यात (१९६८) न्यायालयाने असे म्हटले, की नियमांत परिवीक्षेची कमाल मुदत ठरलेली असताना त्यापुढेही सेवकास पदावर राहू दिले, तर तो कायम झाला असे मानले पाहिजे. शमशेरसिंग खटल्यात (१९७४) पंजाबच्या न्यायिक सेवेतील परिवीक्षाधीन अधिकाऱ्यांच्या प्रकरणी सात न्यायाधीशांच्या पीठाने आदेशाच्या शब्दांपेक्षा त्यामागील वस्तुस्थिती महत्त्वाची मानली. वरकरणी निर्दोष शब्दांत लिहिलेला आदेशही प्रत्यक्षात आरोपावर आधारलेला असेल, तर तो टिकत नाही. आरोप हा आदेशाचा केवळ हेतू होता की पाया होता, ही कसोटी पुढील निर्णयांतून विकसित झाली. ‘काम समाधानकारक नाही’ हे मूल्यमापन होय. ‘वर्तन अप्रामाणिक आहे’ हा कलंक होय. पहिल्यासाठी चौकशी लागत नाही, दुसऱ्यासाठी लागते. परिवीक्षाधीन व्यक्तीचे पुढील सर्व जीवन अशा एका शेऱ्यावर अवलंबून असू शकते, हे ह्या भेदाचे व्यावहारिक महत्त्व होय.

दंडविधीतील परिवीक्षा : शिक्षा तहकूब ठेवून दोषी व्यक्तीकडून सद्वर्तनाचा मुचलका घेण्याची प्रथा इंग्लंडच्या रूढ विधीत जुनी आहे. तथापि देखरेख व साहाय्य ह्यांची जोड असलेल्या परिवीक्षेचा आरंभ अमेरिकेतील बॉस्टन शहरात झाला. जॉन ऑगस्टस (१७८५–१८५९) हा तेथील एक चर्मकार बूट तयार करण्याचा धंदा करीत असे. ऑगस्ट १८४१ मध्ये न्यायालयात उभ्या केलेल्या एका मद्यपीस त्याने जामीन राहून सोडवून घेतले. तीन आठवड्यांनी तो मनुष्य न्यायालयापुढे परत आला, तेव्हा त्याच्यात इतका पालट झालेला होता, की न्यायाधीशाने त्यास एक सेंट व खर्च एवढाच दंड केला. त्यानंतर सतरा-अठरा वर्षांत ऑगस्टस सु. १,९५० व्यक्तींना जामीन राहिला. प्रत्येकाची आधी चौकशी करणे, त्यास काम व निवारा मिळवून देणे आणि न्यायालयास वेळोवेळी कळविणे ही त्याची पद्धत होती. पुढील काळातील परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्ये हीच होत. तुरुंगातील कर्मचाऱ्यांचे बंदीमागे मिळणारे उत्पन्न त्याच्यामुळे बुडे, त्यामुळे त्यास विरोधही सोसावा लागला. त्याच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्याने बॉस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याचा कायदा केला. संघराज्याच्या न्यायालयांना मात्र हा अधिकार १९२५ मध्ये मिळाला.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा न्यायाधीश मॅथ्यू डॅव्हेनपोर्ट हिल ह्याने तरुण गुन्हेगारांना पालकांच्या किंवा मालकांच्या हवाली करण्याचा उपक्रम १८४१ पासून केला. १८७६ मध्ये फ्रेडरिक रेनर नावाच्या मुद्रकाने पाच शिलिंगांची देणगी पाठवून, मद्यपानामुळे न्यायालयात येणाऱ्यांसाठी काही करावे असे चर्चच्या मद्यपाननिषेधक संस्थेस सुचविले. त्यातून पोलीस न्यायालयांत काम करणाऱ्या धर्मसेवकांची प्रथा सुरू झाली. १८८७ च्या कायद्याने पहिल्या अपराधाबद्दल परिवीक्षा मान्य केली. देखरेखीची तरतूद मात्र १९०७ च्या अधिनियमाने झाली. बेल्जियम (१८८८) व फ्रान्स (१८९१) ह्या देशांनी शिक्षा स्थगित ठेवण्याची पद्धत स्वीकारली. परंतु तीत देखरेखीचे अंग नव्हते. परिवीक्षा ही पॅरोलहून भिन्न आहे : पॅरोलमध्ये तुरुंगात गेलेल्यास मुदतीपूर्वी सोडण्यात येते, तर परिवीक्षेत त्यास तुरुंगात पाठविणेच टाळले जाते.

भारतातील विकास : भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५६२ व्या कलमाने पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यांना मुचलक्यावर सोडण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, १९२३ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. भारतीय तुरुंग समितीने (१९१९–२०) अल्प मुदतीच्या कारावासाचे दुष्परिणाम दाखवून परिवीक्षेचा पुरस्कार केला. १९३१ मध्ये अखिल भारतीय विधेयकाचा मसुदा तयार झाला. परंतु तो कायद्यात उतरला नाही. त्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाड, मद्रास, मुंबई आणि संयुक्त प्रांत ह्यांनी १९३६ ते १९३८ ह्या काळात आपापले कायदे केले. म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या विदर्भ व पश्चिम भागांत स्वातंत्र्यापूर्वीच परिवीक्षेचे स्वतंत्र कायदे अस्तित्वात होते. मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे टाटा समाजविज्ञान संस्था ह्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने ह्या कामासाठी प्रशिक्षित समाजसेवक तयार करण्यास हातभार लावला.

संसदेने १९५८ मध्ये संमत केलेला अपराधी परिवीक्षा अधिनियम हा ह्या विषयावरील मुख्य कायदा होय. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार चोरी, फसवणूक ह्यांसारख्या विनिर्दिष्ट किंवा दोन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असलेल्या अपराधाबद्दल, पूर्वी दोषी न ठरलेल्या व्यक्तीस केवळ समज देऊन सोडता येते. चौथ्या कलमानुसार देहदंड वा जन्मठेप ही शिक्षा नसलेल्या अपराधांत जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येते. देखरेखीचा आदेश दिल्यास तो किमान एक वर्षाचा असतो. पाचव्या कलमाने अपराधामुळे हानी पोहोचलेल्यास भरपाई देवविता येते. सहाव्या कलमाचा रोख सर्वांत निश्चित आहे : एकवीस वर्षांखालील अपराध्यास, जन्मठेपेस पात्र अपराध वगळता, कारावास देऊ नये, द्यावयाचाच झाल्यास परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घेऊन कारणे नमूद करावीत. बाराव्या कलमानुसार परिवीक्षेवर सुटलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. मात्र दोषसिद्धी पुसली जात नाही आणि ज्या वर्तनामुळे ती झाली त्याबद्दल नोकरीत कारवाई होऊ शकते, असे न्यायालयांनी स्पष्ट केले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाच्या प्रकरणी, खालच्या न्यायालयाच्या निर्णयानंतर अधिनियम त्या जिल्ह्यास लागू झाला असला, तरी अपिलात त्याचा लाभ देता येतो, असा निर्णय दिला. दंडविधीचा हेतू सूड नसून सुधारणा हा आहे, ही भूमिका त्यातून दृढ झाली. त्याचबरोबर ह्या सवलतीस मर्यादाही पडत गेल्या. अन्नभेसळीच्या गुन्ह्यासही हा अधिनियम लागू होतो, असे १९७२ मध्ये ठरल्यावर संसदेने १९७६ मध्ये दुरुस्ती करून अठरा वर्षांवरील व्यक्तींना त्या गुन्ह्यात ही सवलत बंद केली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ३६० व ३६१ ह्या कलमांनी, शक्य असूनही परिवीक्षा नाकारल्यास विशेष कारणे नोंदविणे आवश्यक केले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ह्याच स्वरूपाच्या तरतुदी ४०१ व ४०२ ह्या कलमांत आहेत. बालन्यायाच्या कायद्यांतही परिवीक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक अन्वेषण अहवालास महत्त्वाचे स्थान आहे. अलीकडे देहदंडाच्या अपिलांतही सर्वोच्च न्यायालयाने असे अहवाल मागविले आहेत. ज्या अपराधांत परिवीक्षेचा लाभ मिळू शकत नाही, त्यांतही माणूस कोणत्या परिस्थितीतून आला हे जाणून घेण्यासाठी त्या यंत्रणेकडेच वळावे लागते, हे तिच्या उपयुक्ततेचे गमक होय.

मूल्यमापन : परिवीक्षेमुळे तरुण व प्रथम अपराधी सराईत गुन्हेगारांच्या सहवासापासून वाचतो, त्याचे शिक्षण वा रोजगार तुटत नाही, कुटुंबाचा आधार टिकतो आणि तुरुंगावरील खर्चही कमी होतो. परंतु देखरेखीविना सोडणे म्हणजे परिवीक्षा नव्हे. अधिकाऱ्यांची अपुरी संख्या, त्यांच्याकडे सोपविलेली इतर कामे आणि न्यायालयांत ह्या तरतुदींविषयी असलेली उदासीनता ह्यांमुळे भारतात पुष्कळदा केवळ बंधपत्र घेतले जाते आणि मार्गदर्शनाचे अंग कागदावरच राहते. राहण्याचे निश्चित ठिकाण वा नियमित व्यवसाय हवा ही अट बेघर व स्थलांतरित अपराध्यांच्या आड येते. ज्यांना आधाराची गरज अधिक, त्यांनाच तो मिळणे अवघड होते. सेवाक्षेत्रातही परिवीक्षा काळात पाहणी न करता मुदत संपताना एकदम शेरा लिहिला जात असेल, तर ह्या पद्धतीचा मूळ हेतूच नष्ट होतो.

पाहणाऱ्याने प्रामाणिकपणे पाहणे, उणीव वेळीच दाखवून देणे आणि मुदत संपताच निर्णय देणे ही पाहणाऱ्याची कर्तव्ये आहेत. ती पाळली गेली तरच परिवीक्षा ही संधी ठरते. एरवी ती टांगती तलवार होते. संधी देणारी आणि दहशत बसविणारी अशी ह्या संस्थेची दोन्ही रूपे इतिहासात आढळतात.